दरवाजाच्या अस्तराखालची अंबाडी

मोटारीच्या दरवाजाचं आतलं रेक्झिन सोललं, तर खाली बहुतेक वेळा निव्वळ प्लास्टिक निघतं. काही गाड्यांत मात्र तपकिरी, खरखरीत, मध्येच एखादी काडी दिसेल असा थर निघतो: निम्मं प्लास्टिक, निम्मा ताग किंवा अंबाडी. बीएमडब्ल्यूनं २०१३ साली आणलेल्या आय-३ या विजेवरच्या गाडीत तर अंबाडीचे तंतू झाकलेच नव्हते. ते लोकांना दिसावेत, हीच हौस.

असे पॅनेल दाबायचं काम मी चाकणच्या बाजूला पाहिलं. तंतू आणि पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे एकत्र पिंजून, काटेरी सुयांनी टोचून केलेला थर इथे तयारच येतो. हाताला तो गोधडीत भरायच्या कापसाइतका सैल लागतो. नांदेडकडचा ऑपरेटर थर उचलताना म्हणाला, ‘‘साहेब, घरी हिची भाजी खातो, इथं दरवाजे करतो.’’ अर्थात त्याच्या हातातली अंबाडी नांदेडची नव्हती. तंतूसाठीचं पीक बंगाल, बांगलादेश आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे पिकतं.

थर दोन तापलेल्या पाट्यांमध्ये सरकतो. खेळ जेमतेम ३५ अंशांचा. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि २०० च्या पुढे तंतू करपायला लागतो. बाहेर येतो तेव्हा थर पार ढिला पडलेला असतो. दोघं जण तो थंड साच्यावर टाकतात, तेही काही सेकंदांत, कारण निवला की तो कोपऱ्यांत शिरत नाही. प्रेस खाली येते, उघडते, आणि बोटानं वाजवावा असा कडक पॅनेल हातात येतो.

पावसाळ्यात हे इतकं सरळ होत नाही. ताग दमट हवेतून स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी ओढून घेतो. पाट्यांमध्ये त्याची वाफ होते आणि पॅनेलवर फोड येतात. ‘‘जूनपासून हा माल आमच्याशी वाकड्यात शिरतो,’’ शिफ्टच्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. आधी वाळवणं आलं, म्हणजे विजेचं बिलही आलं.

मला सगळ्यात मजेशीर वाटली ती वासाची परीक्षा. जर्मन वाहनउद्योगाच्या व्हीडीए २७० या पद्धतीत तुकडा बरणीत बंद करून तापवतात आणि माणसं नाक लावून १ ते ६ गुण देतात. ६ म्हणजे असह्य. यंत्रांच्या एवढ्या गर्दीत शेवटचा शब्द नाकाचा! पाण्यात कुजवून सोललेल्या तंतूला वास असणारच. त्यात तागगिरण्या धागा मऊ पडावा म्हणून जे खनिज तेल मारतात, ते इथे अजिबात चालत नाही.

याला ‘हिरवी गाडी’ म्हणावं का? माझं मत जरा आखडतं आहे. कंपन्यांना मुख्यतः हवं असतं ते कमी वजन. तागाऐवजी काचेचे तंतू घातले, तर त्यांची घनता २.५; तागाची १.५ च्या आत. दर पॅनेलमागे निम्मं प्लास्टिक वाचतं, हा फायदा खरा. पण उरलेलं निम्मं तंतूत असं भिनतं, की वेगळं काढता येत नाही. पूर्व जर्मनीनं पोलादाच्या टंचाईपायी ट्राबांट गाडीचे बाहेरचे पत्रे कापसाचा टाकाऊ माल आणि फिनॉलच्या राळेपासून केले. गंज नाही, पण ते वितळवताही येईनात. जर्मनीच्या एकीकरणानंतर टाकून दिलेल्या गाड्यांचं करायचं काय, ही डोकेदुखी झाली.

पॉलिप्रॉपिलीन निदान पुन्हा वितळतं. इथे हँडलच्या आणि स्पीकरच्या भोकांतून निघालेली कातरण पोत्यांत भरून ठेवतात. ती दळून दुसऱ्या, कमी प्रतीच्या भागात मिसळता येते. जुन्या गाडीतून निघालेल्या पॅनेलला मात्र कोण विचारणार? भंगारवाला लोखंड, तांबं, बॅटरी, टायर मोजून घेतो. दरवाजाच्या अस्तराला त्याच्याकडे भाव नाही.