अकोल्याची एक लेखणी

नाताळच्या मंगलदिनी वऱ्हाडातील एका मिशनरी स्त्रीचे आम्हांस स्मरण होते. अमेरिकेहून आलेल्या जेनी फुलर यांनी पती मार्कस यांच्यासह अकोल्यात सेवाव्रत आचरले. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, मुरळी व देवदासी यांची दुःखे सांगणारा त्यांचा ‘द राँग्ज ऑफ इंडियन वूमनहुड’ हा ग्रंथ १९०० साली निघाला. परकीय बाईने आमची उणी काढावीत, हे कोणासही खटकेल. परंतु ग्रंथास प्रस्तावना पंडिता रमाबाईंची, आणि साक्षी येथल्याच सुधारकांच्या! पुढे हेलन डायर यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राच्या शीर्षकातही अकोल्याचे नाव आले. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचा उत्सव करिताना, उपेक्षितांसाठी झिजलेल्या या लेखणीस आमचे वंदन.