मुलांचे वजन आणि वयात येण्याचा काळ

बऱ्हाणपूरच्या शनवारा भागातील शाळा घ्या, की तापीकाठच्या खेड्यातील. सहावी-सातवीच्या वर्गात एकाच वयाच्या मुलींमध्ये मोठी तफावत दिसते. अंगाने भरलेल्या एखाद्या मुलीस दहाव्या वर्षीच न्हाण येते, तर तिच्याच बाकावरील कृश मुलगी चौदाव्या वर्षीही वाट पाहत असते. घरोघरी त्याचे खापर उष्ण पदार्थांवर फोडले जाते. वस्तुतः यामागे शरीरातील मेदाचा बराच वाटा असतो.

मेदपेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. शरीरात पुरेसा साठा झाल्याची वर्दी ते मेंदूस देते व वयात येण्यास जणू अनुमती मिळते. मात्र वजन हेच एकमेव कारण नव्हे. सुमारे ४७ किलो वजन होताच पाळी सुरू होते, असे मत रोझ फ्रिश व रॉजर रेव्हेल यांनी १९७० मध्ये मांडले होते; पण आपल्याकडे त्याहून पुष्कळ कमी वजनाच्या मुलीही वयात येतात. आनुवंशिकता व दीर्घ आजार यांचाही प्रभाव असतोच.

स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पोचल्या तेव्हा त्यांपैकी अनेकींची वाढ खुंटलेली होती. भरपूर आहार मिळताच त्या झपाट्याने वाढल्या. परंतु त्यांपैकी निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली आणि हाडांची वाढ लवकर थांबल्याने उंची बेताचीच राहिली. बालपणीची उपासमार नंतरच्या पोटभर जेवणाने पूर्णपणे भरून निघत नाही, हे यावरून ध्यानी यावे. पहिल्या सहा वर्षांत अंगणवाडीत होणाऱ्या वजनाच्या नोंदीस महत्त्व आहे ते याचमुळे.

पाळी लांबावी म्हणून मुलीचे जेवण तोडणे सर्वथा अनुचित होय. तसेच न्हाण आले म्हणजे मुलगी लग्नास योग्य झाली, ही समजूतही घातक आहे. शरीराची वाढ त्यानंतरही चालू असते. विवाहाचे किमान वय कायद्याने १८ आहे, मग पाळी दहाव्या वर्षी येवो वा पंधराव्या.

मुलग्यांच्या बाबतीत वजनाचा संबंध इतका स्पष्ट नाही.

मुलीच्या स्तनांची वाढ आठ वर्षांपूर्वी दिसू लागली, तेरा वर्षांपर्यंत मुळीच दिसली नाही, अथवा पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावे. शिक्षिकांनी ही गोष्ट मुलीच्या आईस एकांतात सांगावी, वर्गात नव्हे.