गाण्याचा क्लास : पहिल्या वर्षात काय शिकायचे असते

गाण्याच्या क्लासला येणारा नवा विद्यार्थी बहुधा एखादे आवडते गाणे मनात धरून येतो. पहिल्या दिवशी त्याच्या वाट्याला येतो तो मात्र एकटा ‘सा’. तंबोरा चालू असतो, गुरुजी किंवा बाई षड्ज लावून दाखवतात आणि विद्यार्थ्याने तो लावून धरायचा असतो. पुढचे काही आठवडे हेच चालते. यामुळे कंटाळून क्लास सोडणारे पुष्कळ असतात. सुरुवातीच्या काळात गळ्याहून अधिक तालीम कानाला मिळत असते, हे आधीच ठाऊक असले तर हा टप्पा जड जात नाही.

कोकणातल्या विद्यार्थ्याचा कान थोडाफार तयार असतो. दापोली तालुक्यातल्या मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गाण्याची पहिली ओळख शाळेत होत नाही. ती गणपतीच्या आरत्यांत, भजनी मंडळात आणि शिमग्याच्या दिवसांत होते. हातात टाळ धरून वाढलेल्या मुलाच्या अंगात आठ मात्रांचा भजनी ठेका मुरलेला असतो. हे भांडवल मोठे आहे. मात्र त्यासोबत एक सवयही येते. आरतीत सगळे मिळून चढ्या पट्टीत, जोर लावून गातात आणि त्या गजरात आपला सूर कुठे आहे हे कोणालाच ऐकू येत नाही. क्लासमध्ये एकट्याने, हळू आवाजात गावे लागते. तिथे सूर किंचित खाली किंवा वर लागला, म्हणजे कणसूर झाला, तर तो लगेच कळतो.

गावातल्या मुलाला ठरावीक वारी, ठरावीक फी देऊन गाणे शिकता येते, ही सोय फार जुनी नाही. सावंतवाडी संस्थानातल्या ओझरे गावचे रामकृष्णबुवा वझे यांना गाण्यासाठी घर सोडून ग्वाल्हेरपर्यंत जावे लागले. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीत संगीत आणले. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, बंदिशी गोळा केल्या आणि त्या लिहून ठेवण्याची सोपी स्वरलिपी रूढ केली. आजच्या क्लासची घडण या दोघांच्या कामावर उभी आहे.

पहिले ठरवायचे असते ते विद्यार्थ्याची पट्टी. षड्ज कोणत्याही उंचीवर धरता येतो. तो असा निवडायचा की खालचा मंद्र पंचम आणि वरचा तार षड्ज, शक्यतो तार गंधारही, फार ताण न देता लागावा. पेटीच्या भाषेत पुरुषांची पट्टी साधारणपणे पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रियांची काळी चार ते काळी पाच अशी असते. लहान मुलांची पट्टी वाढत्या वयाबरोबर बदलते. आवडत्या गायकाची पट्टी धरून गाण्याचा हट्ट सुरुवातीला गळ्याला त्रासदायक ठरतो.

त्यानंतर बैठक आणि श्वास यांकडे लक्ष दिले जाते. पाठ ताठ, खांदे सैल, हनुवटी फार वर किंवा खाली नाही, अशी बसण्याची पद्धत असते. श्वास घेताना खांदे न उचलता पोट आणि खालच्या बरगड्या फुलाव्यात आणि सोडताना तो एकसारखा सुटावा, हे शिकवतात. मग ‘आ’काराने एकच स्वर लांबवायचा. काही गुरू पहाटे खर्ज, म्हणजे मंद्र सप्तकातले स्वर, भरायला सांगतात. आवाज घडवण्याच्या या विषयाचा महाराष्ट्रात स्वतंत्र विचार झाला आहे. मुंबईत 1925 साली ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू करणारे प्रा. बी. आर. देवधर आणि पुढच्या काळात डॉ. अशोक रानडे यांनी आवाजसाधनेचा शास्त्रीय अंगाने अभ्यास केला.

षड्ज स्थिर होऊ लागला की सप्तक येते. सात शुद्ध स्वर, कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म, असे एकूण बारा स्वर. सुरुवात सात शुद्ध स्वरांपासून होते. ‘सारेग, रेगम, गमप’ यांसारखे अलंकार किंवा पलटे आधी संथ, मग दुप्पट लयीत गाऊन घेतले जातात. वहीत ते भातखंडे पद्धतीने लिहितात : कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. पेटीवर बोट ठेवून स्वर शोधणे सोपे असते. तरी बहुतेक गुरू तंबोऱ्यावर गायला लावतात. तंबोऱ्यात षड्ज-पंचमाचा आधार मिळतो, बाकीचे स्वर विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागतात.

ताल हाताने शिकायचा असतो. त्रितालाच्या 16 मात्रा चार विभागांत मोजतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. सोबत दादरा (6 मात्रा), केरवा (8), झपताल (10) आणि एकताल (12) येतात. गाताना ताल सुटणे ही या टप्प्यावरची नेहमीची अडचण असते, कारण तोंडात शब्द, कानात स्वर आणि हातात मात्रा हे सगळे एकदम सांभाळावे लागते.

पहिला राग बहुधा भूप असतो. त्यात म आणि नी वर्ज्य असल्याने सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर उरतात. ग आणि नी वर्ज्य असलेला दुर्गा किंवा तीव्र मध्यमाचा यमन यांपासूनही काही जण सुरुवात करतात. रागात आधी आरोह-अवरोह, मग सरगमगीत, त्यानंतर मध्य लयीची छोटी बंदिश आणि सोप्या ताना असा क्रम असतो. अभंग, भावगीत किंवा नाट्यपद कधी द्यायचे हे गुरूवर अवलंबून असते. काही जण विद्यार्थ्याची गोडी टिकावी म्हणून ते लवकर देतात, काही जण वर्षभर थांबतात.

क्लास आठवड्यातून एक-दोनदा होतो. प्रगती होते ती घरच्या रियाजाने. रोज वीस-तीस मिनिटे नियमाने गाणे हे रविवारी सलग तीन तास गाण्यापेक्षा उपयोगी असते. मोबाइलवरचा तंबोरा आणि ताल यामुळे सोबतीची अडचण उरलेली नाही. स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिल्यांदा तो आवाज परका वाटतो, कारण एरवी आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. मुद्रणात हाडांतला भाग नसतो. कोकणात पावसाळ्यात खरी वाद्ये त्रास देतात. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडते, तंबोऱ्याच्या ताराही उतरतात, आणि तासाचा बराच वेळ सूर जुळवण्यात जातो.

गळ्याबद्दलचे समज अनेक आहेत. प्यायलेले पाणी किंवा गुळण्या स्वरतंतूंपर्यंत थेट पोचत नाहीत. दिवसभर पुरेसे पाणी प्यायल्यानेच ते ओलसर राहतात. सर्दी-खोकल्यात ओढून गाऊ नये. गाताना घसा दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजून गुरूला सांगावे. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. मुलग्यांचा आवाज साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांत फुटतो. त्या काळात पट्टी उतरवून हलके गायचे आणि ऐकणे वाढवायचे असते. प्रौढ वयात सुरुवात करणाऱ्यांचा गळा मुलांइतक्या लवकर वळत नाही, पण समज लवकर येते.

वर्षभर नियमित शिकलेल्या विद्यार्थ्याला आपल्या पट्टीत स्वर ओळखणे, चार-पाच ताल हातावर धरणे आणि काही रागांतल्या छोट्या बंदिशी तालात गाणे जमू शकते. ज्यांना परीक्षा द्यायची असेल त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा क्रम आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण आणि शेवटी अलंकार. पलुसकरांच्या शिष्यांनी त्यांच्या निधनानंतर 1931 साली स्थापलेल्या या मंडळाच्या परीक्षा ठिकठिकाणच्या केंद्रांवर होतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवर भर प्रात्यक्षिकावर असतो. परीक्षा दिलीच पाहिजे असे नाही. मात्र अभ्यासक्रमामुळे काय येते आणि काय राहिले याचा हिशेब विद्यार्थ्याला आणि गुरूला ठेवता येतो.