गांजा उमेदीची वर्षे खातो

नालासोपारा पूर्वेच्या आचोळे परिसरात कष्टकरी घरांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. अब्बा फजरनंतर चर्चगेटची गाडी पकडतात आणि इशाच्या सुमारास परततात. अनेक घरांत अम्मीही कामाला जाते. कॉलेजातून आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिवसभर कोणाबरोबर असतो, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. अशाच वयात कोणा मित्राच्या हाती पुडी येते, सिगारेटमधली तंबाखू काढून गांजा भरला जातो. घरी संशय आलाच तर उत्तर तयार असते, "दारू तर पीत नाही ना!"

हे फक्त आचोळ्याचे दुखणे नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १ कोटी ३० लाख लोक गांजा किंवा चरस घेतात. भांग धरून भांग-गांजा-चरसाच्या सवयीमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७२ लाख आहे.

दारू नाही, म्हणून चालते?

शरीअतने अक्कल झाकणारी वस्तू मना केली आहे. तिचे नाव काय आणि ती पितात की ओढतात, याने फरक पडत नाही. हशीशचा प्रश्न उलेमांसमोर सातशे वर्षांपूर्वीच आला होता आणि इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी ती स्पष्टपणे हराम ठरवली. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, हकीम इब्न अल-बैतार यांनी इजिप्तमध्ये हशीश खाणाऱ्यांची बुद्धी बिघडते, अशी नोंद केली होती. आजचे वैद्यकशास्त्र त्याच दिशेने बोलते, फक्त अधिक तपशिलाने.

मेंदूवर काय होते?

गांजातील नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. स्मरण, एकाग्रता आणि भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांवर ते काम करते. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून चाळिशीतल्या माणसाने ओढणे आणि पंधराव्या वर्षी मुलाने ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढणाऱ्या साधारण दहांतल्या एकाला व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात झाली तर सहांतल्या एकाला.

न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अडतिसाव्या वर्षापर्यंत अभ्यास झाला. किशोरवयात गांजा सुरू करून तो वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांचा बुद्ध्यंक सुमारे ८ गुणांनी घसरलेला आढळला, आणि पुढे सोडूनही तो पूर्ण भरून आला नाही. यात घरच्या परिस्थितीचाही वाटा असावा, असे काही संशोधक म्हणतात. पण अभ्यासात लक्ष न लागणे, आठवण न राहणे, कशातच मन न रमणे, हे तर घरच्यांनाही दिसते. दहावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा बारावीला गळतो, नोकरी लागते पण टिकत नाही. गांजाने जीव क्वचितच जातो. जातात ती आयुष्य उभारण्याची वर्षे.

शरीरही सुटत नाही. जुनाट खोकला, कफ, छातीत घरघर ही नेहमी ओढणाऱ्यांची लक्षणे. त्यात तंबाखू मिसळली तर तिचे धोके वेगळे. हृदयाचे ठोके वाढतात. काही जणांना वारंवार उलट्या होतात आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच तेवढ्यापुरता आराम पडतो. घरचे मात्र पित्ताची औषधे देत राहतात.

'असर' समजून वेळ जातो

सर्वांत गंभीर परिणाम मनावर होतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका इतरांच्या सहापट आढळला. बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही, हे खरे. पण ज्या घराण्यात आधी कोणाला मानसिक आजार झाला आहे, तिथे धोका जास्त.

मुलगा एकटाच बोलू लागतो, लोक आपल्या वाईटावर आहेत असे म्हणतो, रात्ररात्र जागतो. मग घरात म्हणतात, कोणी काही करून घातले, बाहेरचा असर झाला. आमिलाकडे फेऱ्या होतात, महिने निघून जातात. दुआ जरूर करावी, पण त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळही घ्यावी. उपचाराला जितका उशीर, तितके सावरणे कठीण.

दुसरी चूक म्हणजे 'निकाह लावून दिला की सुधारेल' हा विचार. आजार तसाच राहतो आणि एका निष्पाप मुलीचे आयुष्य त्यात ओढले जाते.

सोडता येतो

रोज ओढणाऱ्याने गांजा सोडला की एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न येणे, भूक मरणे सुरू होते. पहिला आठवडा सर्वांत जड जातो; दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. या दिवसांत मुलगा भांडला तर तो बिघडला असे समजू नये, त्याला घरात माणूस हवा असतो. सोडल्यावर खोकला-कफ कमी होतो, लक्ष आणि स्मरणही बऱ्याच अंशी सुधारते.

'डॉक्टरकडे नेले तर पोलीस येतील' ही भीती अनेक घरांना गप्प ठेवते. गांजा बाळगणे आणि ओढणे हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहेच. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळते.

मदत दूर नाही. १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही 'टेलि-मानस'ची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, दोन्ही मोफत आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करते.

मारझोड आणि घरातून हाकलणे यांनी मुलगा पुन्हा त्याच मित्रांकडे जातो. इज्जत झाकण्यापेक्षा मुलगा वाचवणे मोठे आहे. रात्रीच्या जेवणाला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी बोला, आणि गांजाचे नाव निघाले तर ओरडण्याआधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या.