फ्रेडरिक ग्रँट : राष्ट्राध्यक्षाचा मुलगा आणि सैनिकी पेशा

अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे थोरले चिरंजीव फ्रेडरिक डेंट ग्रँट (१८५०–१९१२) यांना वडिलांच्या राष्ट्राध्यक्षपदामुळे सैन्यात प्रवेश मिळाला, हा समज तारखांशी जुळत नाही. ते वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत १८६६ मध्ये दाखल झाले आणि वडील राष्ट्राध्यक्ष झाले ते १८६९ मध्ये. अर्थात यादवी युद्ध जिंकलेल्या सेनापतीचे नाव पाठीशी होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या नावाने गुण वाढले नाहीत, कारण १८७१ च्या तुकडीतील ४१ जणांत त्यांचा क्रमांक ३७ वा लागला.

मेहेरनजर दिसते ती पुढे. वडील पदावर असताना, १८७३ मध्ये, जनरल शेरिडन यांचे एड-डी-कॅम्प, म्हणजे सेनापतीच्या दिमतीचे सहायक अधिकारी, म्हणून त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. ज्या वयात अधिकारी सहसा लेफ्टनंटच असतो, त्या वयातील ही बढती गुणवत्तेच्या खात्यावर मांडता येत नाही.

घोडदळाचे अधिकारी कस्टर यांच्या १८७४ च्या ब्लॅक हिल्स मोहिमेत ते होते, म्हणून कस्टर यांच्याच १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईतही त्यांना गोवले जाते. त्या लढाईत ते नव्हते. उलट रणांगणावरची जखम त्यांना झाली ती गणवेश चढवण्याआधीच, यादवी युद्धातील १८६३ च्या व्हिक्सबर्ग मोहिमेत वडिलांसोबत असताना पायाला गोळी लागून, वयाची तेरा वर्षेही पुरी झालेली नसताना.

त्यांना अखंड सैनिक मानणेही चूक आहे. फेब्रुवारी १८७९ मध्ये जगप्रवासातील वडिलांबरोबर ते मुंबईत उतरले, तेव्हा सैन्यातच होते. मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल त्यांचे यजमान होते. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला, आणि मधल्या सतरा वर्षांत ऑस्ट्रिया-हंगेरीतील वकिलात व न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्तपद सांभाळले. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक पलटणीचे, म्हणजे युद्धापुरत्या उभारलेल्या फौजेचे, कर्नल म्हणून ते परतले, फिलिपाइन्समध्ये लढले आणि १९०६ मध्ये मेजर जनरल झाले. तोवर वडिलांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांचे सैनिकपण पारखायचे तर ते या दुसऱ्या पर्वावरूनच पारखणे न्याय्य ठरते. १९१२ मध्ये सेवेत असतानाच ते निवर्तले आणि त्यांचे दफन वेस्ट पॉइंटलाच झाले.