हायड्रॉलिक तेल : गाळायचं कधी, बदलायचं कधी

विमानाच्या हायड्रॉलिक तेलाबद्दल हँगरमध्ये दोन पक्ष असतात. एकाचं म्हणणं असं की वापरलेलं तेल ते वापरलेलंच, सगळं काढा, नवं भरा आणि मोकळे व्हा. दुसरा पक्ष प्युरिफायर यंत्राचं प्रात्यक्षिक पाहून आलेला असतो. त्याच्या मते यंत्र विमानाशेजारी आणून दोन-चार तास चालवलं की तेल नव्यासारखं होतं आणि पैसे वाचतात. भांडण दिसायला पैशाचं असलं तरी मुळात दोघांचीही समजूत एकच आहे. तेलातली घाण ही एकच वस्तू आहे असं दोघं धरून चालतात. खरं तर त्यात कण असतात, पाणी असतं, हवा असते, आम्ल असतं, सफाईच्या सॉल्व्हंटमधून आलेलं क्लोरीन असतं आणि कधी कधी चुकून पडलेलं दुसऱ्या जातीचं तेलही असतं. यातलं काय कशाने निघतं याचा हिशेब प्रत्येकासाठी वेगळा आहे.

आधी हे तेल काम काय करतं ते पाहू. चाकं आत घेणं, ब्रेक लावणं, फ्लॅप आणि रडर हलवणं ही सगळी ताकदीची कामं मोठ्या प्रवासी विमानात बहुतेक करून हायड्रॉलिक दाबावर चालतात. हा दाब साधारणपणे ३,००० पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पटींहून जास्त असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३८० मध्ये तो ५,००० वर नेला आहे. या दाबाचं तेल ज्या सर्व्हो व्हॉल्व्हमधून जातं, त्याच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्याच असतात.

“तेल स्वच्छ दिसतंय, रंगही छान आहे”

नुसत्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. व्हॉल्व्हला त्रास देणारा कण ५ ते १५ मायक्रॉनचा असतो. स्वच्छता मोजण्यासाठी १९६० च्या दशकापासून ‘नॅस १६३८’ ही वर्गवारी चालत आली आहे. तिच्या नवव्या वर्गात १०० मिलिलिटर तेलात ५ ते १५ मायक्रॉनचे १,२८,००० कणांपर्यंत चालतात. वर्ग एकाने वाढला की कण दुप्पट होतात, त्यामुळे पाचव्या वर्गातलं तेल नवव्याच्या सोळा पटींनी स्वच्छ असतं. दोन्ही बाटल्या खिडकीपाशी उजेडात धरल्या तरी फरक कळणार नाही.

रंगाचंही तसंच आहे. प्रवासी जेट विमानांतलं स्कायड्रॉल किंवा हायजेट जांभळं असतं, पण ते त्यात घातलेल्या रंगद्रव्यामुळे. उष्णतेने तो रंग फिका होतो, निळसर किंवा करडा होतो, आणि तेल तरीही चाचणीत उत्तम उतरू शकतं. उलट गडद जांभळं तेल आम्लाने भरलेलं असू शकतं. रंगाचा खरा उपयोग जात ओळखण्यापुरता. जांभळं दिसलं तर फॉस्फेट इस्टर, लाल दिसलं तर खनिज तेल किंवा कृत्रिम हायड्रोकार्बन. मुंबईच्या विमानतळावर हायड्रॉलिक गळतीचा डाग सहसा जांभळा असतो. नाशिकजवळ ओझरला सुखोईसारख्या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांवर काम चालतं, आणि रशियन विमानांचं एएमजी-१० हे खनिज तेल लाल असतं.

जाता जाता, नव्याने शिकायला आलेल्यांचा एक गोंधळ. एअरबस ए३२० मध्ये ‘ग्रीन’, ‘ब्लू’ आणि ‘यलो’ अशा तीन हायड्रॉलिक प्रणाली असतात. ही त्यांची नावं आहेत. तिन्हींत जांभळंच तेल असतं.

“फिल्टर आहे ना!”

फिल्टर कण पकडतो, आणि हे काम तो चोख करतो. पण पाणी तेलात विरघळलेलं असतं, हवा विरघळलेली असते, आम्लही विरघळलेलं असतं. आमटी खारट झाली तर ती कितीही बारीक चाळणीतून गाळली तरी मीठ निघत नाही. थोडी काढून तिथे बिनमिठाचं काहीतरी घालावं लागतं. फॉस्फेट इस्टरमधल्या आम्लाचा प्रश्न नेमका हाच आहे, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज इथेच येऊन अडतात. म्हणून इथे जरा थांबू.

फॉस्फेट इस्टर हवेतली आर्द्रता शोषून घेतं. बऱ्याच विमानांत तेलाच्या टाकीवर इंजिनातून घेतलेल्या हवेचा दाब ठेवलेला असतो, त्या हवेतूनही पाणी येतं. पाणी आणि उष्णता एकत्र आली की इस्टरचा रेणू तुटतो आणि आम्ल तयार होतं. हे माहीत असल्यामुळेच उत्पादक तेलात एक आम्लशोषक पूरक, सहसा इपॉक्साइड, घालून ठेवतात. तयार होणारं आम्ल तो गिळत राहतो. त्यामुळे होतं असं की ‘ॲसिड नंबर’ बराच काळ जागचा हलत नाही. मागच्या तपासणीत कमी, या तपासणीतही कमी, म्हणून सगळे निश्चिंत. मग पूरक संपतो आणि आकडा भराभर चढू लागतो. ही रेघ सरळ चढत जाईल असं धरून पुढच्या तपासणीची तारीख ठरवणं धोक्याचं आहे.

वापरातल्या तेलासाठी ॲसिड नंबरची मर्यादा सर्वसाधारणपणे १.५ धरली जाते, म्हणजे एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला दीड मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पाण्याची मर्यादा ०.८ टक्क्याच्या आसपास असते आणि क्लोरीनची दर दशलक्ष भागांत २००. क्लोरीन येतं ते बहुतेक वेळा सुटे भाग धुतलेल्या क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटमधून. भाग नीट न वाळवता बसवला की ते तेलात उतरतं. जेट विमानांच्या सुरुवातीच्या काळात व्हॉल्व्हच्या कडा झिजायच्या आणि कारण सापडत नव्हतं. आधी बुडबुड्यांवर संशय घेतला गेला. पुढे कळलं की अरुंद फटीतून वेगाने वाहणाऱ्या तेलामुळे सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि तोच धातू खातो. क्लोरीन त्याला हातभार लावतं.

“प्युरिफायर लावला की तेल नव्यासारखं”

प्युरिफायर हे वाईट यंत्र नाही, त्याची जाहिरात मात्र जरा सैल असते. त्याचं काम असं चालतं. तेल थोडं गरम करून निर्वात कक्षात पातळ थरात पसरवतात, काही यंत्रांत फिरत्या चकतीवरून फवारतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. दाब वातावरणाच्या दहाव्या हिश्शावर आणला की तेच साधारण ४६ अंशांना उकळतं. तेलाची वाफ त्या तापमानाला जवळजवळ होत नाही. म्हणून पाणी, विरघळलेली हवा आणि उडनशील सॉल्व्हंट निघून जातात आणि तेल राहतं. शेवटी बारीक फिल्टर कण काढतो. सगळं विमानाशेजारीच, चाकांवरच्या यंत्रात.

अमेरिकी हवाई दल आणि नौदल यांनी लाल तेलासाठी ही पद्धत आपलीशी केली, आणि ते समजण्यासारखं आहे. हायड्रोकार्बन तेल पाण्याने तसं तुटत नाही. कण, पाणी आणि हवा गेली की मूळ तेल बऱ्यापैकी शाबूत असतं. तरी तिथेही एक मेख आहे. ‘५६०६’ या जुन्या खनिज तेलात थंडीत आणि उष्णतेत घट्टपणा सांभाळण्यासाठी लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. पंपाच्या माऱ्याने त्या साखळ्या तुटतात आणि तेल पातळ होतं. तुटलेली साखळी प्युरिफायर जोडून देत नाही.

जांभळ्या तेलाच्या बाबतीत यंत्र पाणी काढेल, हवा काढेल, कण काढेल. तयार झालेलं आम्ल आणि संपलेला पूरक मात्र तसेच राहतील. वीज केंद्रांतल्या टर्बाइनमध्येही फॉस्फेट इस्टर वापरतात, आणि तिथे आम्ल शोषणाऱ्या माध्यमातून तेल फिरवतात. तोच उपाय विमानाला लावावा असं कुणी सुचवलं तर थांबावं, कारण असं माध्यम आम्लाबरोबर उपयोगी पूरकही ओढून नेऊ शकतं किंवा स्वतःचे धातू तेलात सोडू शकतं. विमानात ॲसिड नंबर वाढला की करायचं ते एकच, जुनं काढून नवं घालणं.

“टाकी रिकामी केली, म्हणजे तेल बदललं”

टाकीत असतं ते एकूण तेलाचा एक भाग. बाकीचं पाइपांत, ॲक्च्युएटरांत, चाकांच्या जॅकांत बसलेलं असतं. समजा ॲसिड नंबर १.६ आहे, नव्या तेलाचा ०.१ आहे, आणि टाकी उपसल्यावर एकूण तेलाचा तिसरा हिस्सा निघतो. नवं भरून सगळं एकजीव केलं की आकडा १.१ वर येईल. मर्यादेच्या आत, पण पूरकाचा साठा अर्धवटच. हेच पुन्हा एकदा केलं की ०.७७. इथे ‘एकजीव’ होणं फार महत्त्वाचं आहे. ग्राउंड कार्टने, म्हणजे जमिनीवरून विमानाला हायड्रॉलिक दाब देणाऱ्या गाडीने, दाब देऊन रडर, एलेव्हेटर, फ्लॅप आणि जॅकवर उभ्या विमानाची चाकं पुन्हा पुन्हा हलवावी लागतात. तसं केलं नाही तर टाकीच्या बाजूचं नमुना-तेल सुंदर येतं आणि आठवड्याभराच्या उड्डाणांनंतर कोपऱ्यातलं जुनं तेल बाहेर येऊन आकडा पुन्हा वर जातो. मग दोष प्रयोगशाळेला दिला जातो.

नमुना घेतानाही हीच काळजी हवी. प्रणाली चालू असताना, तेल हललेलं असताना, आधीची धार फेकून देऊन, प्रमाणित स्वच्छ बाटलीत. खिशातल्या फडक्याने पुसलेल्या बाटलीतला नमुना नवव्या वर्गाच्या बाहेर गेला तर त्यात नवल नाही.

“नवा डबा म्हणजे शुद्ध तेल”

नवं असलं तरी तेल डब्यातून थेट ओतू नये, गाळणी असलेल्या भरणयंत्रातून द्यावं. उघडा ठेवलेला डबा तर दुसऱ्या दिवशी नवा राहतच नाही. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत अर्धा डबा उघडा ठेवणं म्हणजे फॉस्फेट इस्टरला पाणी पाजणंच.

आणि ग्राउंड कार्ट! विमानाच्या तेलाची तपासणी वेळापत्रकाने होते, कार्ट मात्र कोपऱ्यात उभी असते. ती एकाच आठवड्यात अनेक विमानांना जोडली जाते, त्यामुळे तिच्या टाकीतली घाण त्या सगळ्या विमानांत जाते. जागच्या जागी शुद्धीकरणाचा खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला मान कार्टचा.

“दोन्ही तेलंच, थोडं मिसळलं तर काय?”

मान्यताप्राप्त स्कायड्रॉल आणि हायजेट एकमेकांत चालतात. ‘५६०६’ आणि त्यानंतर आलेलं ‘८३२८२’ ही दोन लाल तेलंही एकमेकांत मिसळतात. लाल आणि जांभळं मात्र कधीच नाही. जांभळ्याच्या प्रणालीत एथिलीन-प्रोपिलीन रबराची सीलं असतात, ती लाल तेलात फुगतात. लाल प्रणालीतल्या नायट्राइल सीलांना जांभळं तेल खातं. एकदा मिसळलेली ही दोन तेलं प्युरिफायरने वेगळी होत नाहीत. तेल काढणं, प्रणाली धुणं आणि सीलं बदलणं, एवढं सगळं होतं. याहून जुन्या विमानांत एरंडेल आणि अल्कोहोलचं निळं मिश्रण असायचं, त्याला नैसर्गिक रबराची सीलं चालत. तेल बदललं की सील बदलायचं हा संबंध तेव्हापासूनचा आहे.

फॉस्फेट इस्टर जळतच नाही, हीसुद्धा अर्धवट माहिती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोनसँटो आणि डग्लस कंपनीने स्कायड्रॉल विकसित केलं ते हायड्रॉलिक तेलाच्या आगी टाळण्यासाठीच. पण ते आगीला विरोध करतं, अग्निरोधक भिंत नव्हे. पुरेशी उष्णता मिळाली तर पेटतं. लाल तेलांचं सांगायचं तर ‘५६०६’ चा ज्वलनबिंदू किमान ८२ अंश आणि ‘८३२८२’ चा किमान २०५ अंश असावा अशी मानकाची अट आहे. जांभळं तेल त्वचेला झोंबतं, डोळ्यांत गेलं तर भयंकर जळजळ होते, रंग आणि काही प्लास्टिक खातं. चष्मा आणि हातमोजे घालावेत, डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावं.

राहिला प्रश्न परवानगीचा आणि काढलेल्या तेलाचा. शुद्ध केलेलं तेल विमानात परत घालता येतं की नाही हे यंत्र विकणारा ठरवत नाही. ते विमानाच्या देखभाल मॅन्युअलमध्ये असावं लागतं, सही करणाऱ्या एएमईला (विमान देखभाल अभियंत्याला) ते पान दाखवता आलं पाहिजे. मॅन्युअल ज्या तेलाला आणि ज्या यंत्राला मान्यता देत नाही, तिथे हा विषय संपला. काढलेलं तेल भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल म्हणून येतं. सर्वसाधारणपणे ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यावं लागतं. जांभळ्याचं पिंप इंजिन तेलाच्या पिंपापासून वेगळं ठेवावं, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून. पुन्हा शुद्ध करण्यासाठी नेलेल्या इंजिन तेलात थोडंसं फॉस्फेट इस्टर आलं तरी तो सगळा साठा शुद्धीकरणासाठी निकामी ठरू शकतो.