हवेचा हिशेब

डोंगर चढायचा तर महाबळेश्वर, चिखलदरा, नाहीतर थेट हिमालय गाठावा लागतो, अशी आपली समजूत असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या फटफटीला मात्र जागच्या जागी डोंगर चढावा लागतो, आणि तोही दर वर्षी. जानेवारीत पहाटे तिथे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, मे महिन्यात दुपारी तो पंचेचाळीस अंशांना टेकतो. हवा तापली की पसरते. दहा अंशांची हवा पंचेचाळीस अंशांची झाली, तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या हवेचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी घटते. समुद्रकिनाऱ्यावरून निघून चिखलदऱ्याची सुमारे १,१०० मीटरची उंची गाठली, तर हवा जवळपास तितकीच विरळ होते. म्हणजे हिवाळ्यातून उन्हाळ्यात येताना पांढरकवड्यातले प्रत्येक इंजिन घर न सोडता चिखलदरा चढून येते.

हे गणित मी पुस्तकात वाचले नाही. १९८९ साली बँकेने माझी बदली पांढरकवड्याला केली आणि कर्जवाटप, पाहणी व वसुलीसाठी मला गावोगाव फिरावे लागले. त्या काळी नागपूर-हैदराबाद रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता, आता तो ४४ झाला आहे. तो रस्ता सोडून आत वळले की काळ्या मातीची पांदण सुरू होई. राजदूत, येझदी आणि १९८५ साली बाजारात आलेली यामाहा आरएक्स १०० ही आमची वाहने. परदेशात चिखलमातीच्या शर्यतींसाठी वेगळ्या मोटरसायकली बनवतात. आमच्याकडे दूध, खत, बियाण्याची थैली आणि मागे बसलेली घरधनीण घेऊन जाणारी प्रत्येक गाडी त्याच जातीची म्हणायची.

महामार्गालगत एक दुकान होते. दुकान कसले, चार पत्रे आणि कडुनिंबाची सावली. मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्याजवळ सोनाराकडे असते तशी एक लहानशी डबी होती आणि तिच्यात पितळेचे बारीक तुकडे. ती जेटे. मेन जेट म्हणजे मधोमध साधारण मिलिमीटरभर भोक असलेला स्क्रू. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळते. जेटावर आकडा कोरलेला असतो. आकडा मोठा तर भोक मोठे.

मी एकदा विचारले, "मिस्त्री, गाडी तीच, पेट्रोल तेच, मग दर उन्हाळ्यात कार्बोरेटर कशाला उघडता?"

ते म्हणाले, "साहेब, हवा देव देते, पेट्रोल आपून देतो. देवाचं माप बदललं का आपलं माप बदलवा लागते."

त्याचा अर्थ असा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. हिशेब वजनाचा आहे. इंजिन मात्र हवा ओढते ती मापाने. जुन्या काळी धान्य पायलीने मोजत, तसे. कापूस पिकवणाऱ्या गावाला हे समजावून सांगावे लागत नाही: एकाच बोऱ्यात कापूस सैल भरला तर वजन कमी, पायाने दाबून भरला तर जास्त. थंडीची हवा दाबून भरलेल्या बोऱ्यासारखी, उन्हाळ्याची सैल. कार्बोरेटरला हा फरक थोडा कळतो, पण पूर्ण कळत नाही. हवा ११ टक्के घटली तर पेट्रोल साधारण निम्म्याच प्रमाणात कमी होते. बाकीचे पाच-सहा टक्के पेट्रोल फुकट जाते. मिश्रण घट्ट होते. गाडी जड चालते, सायलेन्सर काळा धूर ओकतो, प्लगवर काजळी धरते.

इलाज सोपा होता. कार्बोरेटरात एक सुई असते आणि तिच्या डोक्याशी चार-पाच खाचा. एका खाचेत क्लिप अडकवलेली असते. क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली बसते आणि पेट्रोलची वाट अरुंद होते. पाव ते पाऊण मूठ पिळलेली असताना या सुईचेच राज्य चालते. त्याखाली पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, त्यावर मेन जेट. आमच्या पांदणीतले सगळे फिरणे मधल्या टप्प्यातले, म्हणून मिस्त्री मेन जेटाला सहसा हात लावत नसत. होळीनंतर क्लिप वर, दिवाळीनंतर पुन्हा मूळ जागी, हा त्यांचा नेम. मग प्लग खोलून बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी रंग आला तर माप बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी.

या दोन चुकांत मोठा फरक आहे. काळ्या प्लगाचे नुकसान खिशाला बसते, पांढऱ्या प्लगाचे इंजिनाला. टू-स्ट्रोक गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसतो. म्हणून उन्हाळ्याची क्लिप हिवाळ्यात तशीच ठेवली, तर एखाद्या गार पहाटे भरधाव गाडी रस्त्यात जाम होते. मिस्त्रींच्या दुकानात असली गिऱ्हाइके डिसेंबरात येत.

हीच गोष्ट हिमालयात भिंगातून पाहिल्यासारखी मोठी होते. खारदुंग ला ही लडाखमधली खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो आणि खालच्या मापाने लावलेला कार्बोरेटर सुमारे एक तृतीयांश पेट्रोल जादा ओततो. १९९९ साली सुरू झालेल्या रेड द हिमालया शर्यतीतले मोटरसायकलस्वार ही विरळ हवा चांगली ओळखत. लहान विमानांत तर अजूनही वैमानिकासमोर लाल मुठीचा दांडा असतो. वर जाताना तो ओढून पेट्रोल कमी करायचे, उतरताना पुन्हा वाढवायचे. उतरताना वाढवायचे, हे विसरता कामा नये. वरच्या हवेसाठी बारीक जेट बसवून तसेच मैदानात आले की इंजिन भाजून निघते.

आणखी एक. जेट बदलल्याने हवा वाढत नाही. खिंडीत गाडीची गेलेली ताकद परत येत नाही. आपण फक्त पेट्रोलचा खर्च हवेच्या ऐपतीत बसवतो. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला हे पटकन उमजते. पीककर्जाचा दर जिल्ह्याच्या बैठकीत एकरी ठरे. पण काळी माती आणि बरड माती यांची ऐपत एक नसते, हे शेतात उभे राहिल्यावाचून कळत नसे. परिपत्रक हे कारखान्यातून आलेले जेट. ते सरासरी हवेसाठी असते, आणि सरासरी हवा कुठल्याच गावात नसते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला. आता संवेदक हवेचा दाब आणि तापमान मोजतात आणि एक लहानसा संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल ठरवतो. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. पण जुन्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून धावत आहेत, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनाच नवी परवडत नाही.

त्यातच पेट्रोल बदलले. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊन येते, म्हणून त्याला हवा कमी लागते. जुन्या जेटातून आलेले हे पेट्रोल साधारण सात-आठ टक्के अपुरे पडते. मे महिन्याच्या विरळ हवेत ही तूट भरून निघते; जानेवारीच्या पहाटे ती उघडी पडते. होळी-दिवाळीचा जुना नेम त्यामुळे आता डोळे मिटून पाळता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात पांढरकवड्याला गेलो होतो. दुकान आता मुलाचे आहे, पक्के बांधलेले, आत संगणकाला जोडायची वायर. मिस्त्री ऐंशीच्या घरात, बाकावर बसून असतात. एक शेतकरी जुनी गाडी घेऊन आला. थंड असताना उचलत नाही म्हणाला. मुलाने प्लग काढला आणि न बोलता बापाच्या हातावर ठेवला. प्लग पांढरट होता. मिस्त्रींनी तो उन्हाकडे फिरवून पाहिला. "होळीपासून क्लिप तशीच असन," ते म्हणाले, "अन् पेट्रोलही पहिल्यासारखं नाही राहिलं. एक नाही, दोन खाचा खाली घे. मंग पुन्हा प्लग दाखव."

दहा मिनिटांचे काम. शेतकऱ्याने पैसे विचारले तेव्हा मुलाने चहा सांगितला. शंभर रुपयांवर गेलेल्या पेट्रोलच्या दिवसांत इंजिन उघडायची वेळ आली असती, तर त्या माणसाचा कापसाचा एखादा वेचा त्यातच गेला असता. तुमच्या घरी अशी जुनी फटफटी असेल, तर थंडी पडताना एकदा तिचा प्लग काढून रंग बघा. आणि जवळपास असा एखादा मिस्त्री असेल, तर तो प्लग त्यांच्या हातावर ठेवा.